हागिनोसेला थांबणारी जलद गाडी

नाही, पण मी म्हणतो, थांबायला असे काय कष्ट पडतात हो गाडीला? ब्रेक दाबायचा, दार उघडायचं, चार माणसं पोटात घ्यायची आणि निघायचं पुढे! पण नाही! रेल्वेवाले म्हणतात, "जलद गाडी आहे, जिथंतिथं थांबली तर ती जलद कसली?" आता हेही बरोबरच आहे म्हणा. त्यांचं बरोबर, आमचं बरोबर, सगळ्यांचंच बरोबर असतं, म्हणून तर घोटाळे होतात. तुम्हाला सांगतो, आमचं हागिनोसे स्टेशन म्हणजे... स्टेशन म्हणायचं आपलं. एक फलाट, एक बाक आणि पेयांचं एक यंत्र, त्यातून भर उन्हाळ्यात गरम कॉफी येते आणि बर्फ पडला की थंडगार चहा. स्टेशनमास्तर नाही, तिकिटाची खिडकी नाही, तिकीट काढायचं ते गाडीतच. पुढं समुद्र, मागं डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही म्हातारे. यंत्र बिघडलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे, कंपनीचा माणूस येऊन बाटल्या भरून जातो, त्याच्याकडे बघून आम्ही हसतो, तो आमच्याकडे बघून हसतो... पण बोलणार कोण?

मी हिराइवा. तोफूवाला. वडील तोफू करायचे, आजोबा तोफू करायचे, माझ्यानंतर कोण करणार ते विचारू नका, कारण मुलगी एकच आणि ती शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरीला. चिनात्सु तिचं नाव. सकाळची जलद गाडी पकडायची, संध्याकाळच्या जलद गाडीनं परत. जलद गाडी कशी, सुसाट! आणि साधी गाडी? अहो, ती खांब दिसला की थांबते! शिवाय आमच्याकडे रूळ एकच, त्यामुळं मध्ये एका स्टेशनात समोरची गाडी येईपर्यंत ही आपली उभी. ड्रायव्हर खाली उतरतो, आळस देतो, फुलांच्या कुंड्या बघतो. माणूस तरुणपणी बसला तर पेन्शनीला उतरावा अशी ती गाडी!

तर एकदा जेवताना चिनात्सु मुळ्याचं लोणचं कुरूमकुरूम चावत म्हणाली, "बाबा, जलद गाडीचा आपल्याकडचा थांबा रद्द होणार म्हणे. झाला तर मी शहरात खोली घेईन." एवढंच. पुन्हा कुरूमकुरूम. मी म्हटलं, "हं." आता 'हं' म्हणालो, पण आत काय झालं ते माझं मला ठाऊक. ही गेली, चिनात्सुची आई, त्याला बरीच वर्षं झाली. पोरगीही गेली तर घरात उरणार कोण? मी आणि भिजत घातलेलं सोयाबीन! तिला म्हणावंसं वाटलं की, बाई, नको जाऊस, मला करमणार नाही. पण आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. ती तिकडे लोणचं चावतेय, मी इकडे आमटीत बघतोय... बोलणार कोण?

त्यात त्या वर्षी मी होतो मोहल्ला मंडळाचा अध्यक्ष. मोठी निवडणूकबिवडणूक लढवून नाही हो! आमच्याकडे अध्यक्षपद घरटी फिरतं, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून त्यावर टाकतात ती जाळी धुवायची पाळी फिरते ना, तसंच. जाळी धुऊन झाली आणि अध्यक्षपद आलं. आणि नेमकं तेव्हाच रेल्वेनं कळवलं की अमुक दिवशी आमचा माणूस येईल, सकाळच्या जलद गाडीत तुमच्याकडून किती जण चढतात ते मोजेल आणि मग थांब्याचं काय ते ठरेल. बोंबला! रोज चढतं कोण? माझी पोरगी. झालं. कधीतरी कुणाची कंबर धरली तर दवाखान्याला जाणारा एखादा, आणि तोही वाकलेला, मोजणाऱ्याला दिसेल न दिसेल!

बैठक बोलावली. चहा झाला, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या झाल्या, आणि मग सगळे गप्प. आमच्या बैठकीत लोक गप्प बसतात आणि त्यालाच चर्चा म्हणतात. शेवटी तोकुनागाबाई बोलल्या. या बाईंनी अख्ख्या गावाला पाढे शिकवले, आता नव्वदीला आल्यात, पण त्या नुसत्या खाकरल्या तरी आम्ही पाठ सरळ करून बसतो. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? त्या दिवशी सगळ्यांनी गाडीत बसायचं." न्हावी निशिवाकी हळूच म्हणाला, "बाई, पण ती फसवणूक नाही का होणार?" बाई म्हणाल्या, "तिकीट काढणार आहेस ना? मग फसवणूक कसली? निशिवाकी, तू तिसरीतही असाच होतास." संपली चर्चा.

आणि काय सांगू तुम्हाला, तो दिवस उजाडला तर फलाटावर हीऽऽ गर्दी! चाळीसेक माणसं! म्हणजे चालतीफिरती होती तेवढी सगळी! लग्नाला निघाल्यासारखे कपडे. निशिवाकीनं दुकान बंद ठेवलं होतं. बाईंनी ठेवणीतला किमोनो काढला होता. कुणी शहरातल्या नातवाला सुकवलेली पर्सिमनची फळं घेतलीत, कुणी मासे, प्रत्येकाच्या हातात रुमालात नीट बांधलेला डबा, कारण आमच्याकडे रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाहीत, मग भले जायचंच नसलं तरी! मीही तोफूच्या वड्या घेतल्या होत्या. कुणाला द्यायच्या ते ठरलं नव्हतं. आणि पलीकडे रेल्वेच्या बाई उभ्या. मध्यम वयाच्या, पांढरे हातमोजे, हातात ते मोजायचं यंत्र, एक माणूस चढला की एकदा खट्! मी मनात म्हटलं, बाई, आज तुमचा अंगठा सुजणार.

आली गाडी. आता आमची गाडी म्हणजे ड्रायव्हर एकटा, तोच गाडी चालवणार, तोच आरशात बघून दारं लावणार. आमच्यासारख्या स्टेशनात चढायला दार एकच उघडतं, आणि तेही आपण बाहेरून बटण दाबलं तर. निशिवाकी रांगेत पहिला. त्यानं बटण दाबलं, दार उघडलं, आतली ऊबदार हवा तोंडावर आली, आणि आता पाऊल टाकणार... तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की मागं तोकुनागाबाई उभ्या आहेत. आता बाईंच्या आधी गाडीत चढायचं? ज्यांनी आपल्याला पाढे शिकवले त्यांच्या? तो बाजूला झाला आणि कमरेत वाकला. "बाई, आधी तुम्ही." बाई म्हणाल्या, "छे छे, मी म्हातारी, मला वेळ लागतो. तुमचा खोळंबा होईल. आधी तुम्ही." आणि त्याही वाकल्या. बाई वाकल्या म्हटल्यावर आम्ही उभे कसे राहणार? सगळी रांग वाकली! मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्षांना आधी जाऊ द्या." मी म्हटलं, "अहो, अध्यक्ष कसला, पाळीनं आलेला माणूस मी, आधी तुम्ही," आणि मी आणखी वाकलो. मी आणखी वाकलो म्हणून तो आणखी वाकला. तो वाकला म्हणून त्याच्या मागचा वाकला. सगळ्यांना कळत होतं की असं वाकत बसलो तर गाडी जाईल, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना... पण बोलणार कोण?

आणि एवढ्यात जिन्यावरून आवाज, धाडधाडधाड! "सरका! सरका हो! उशीर झाला!" चिनात्सु! आमची कार्टी! केस मोकळे, एक बूट अर्धा पायात, डगल्याची एक बाही लोंबतेय. मी पहाटेच तोफू करून बाहेर पडलो होतो, तिला उठवायचं राहिलंच! बरं, आली ती कुणाला नमस्कार नाही, काही नाही, वाकलेल्या माणसांच्या मधून शेळीसारखी उड्या मारत सुटली. बाईंच्या पुढून गेली हो, बाईंच्या! मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. ती चढली गाडीत. खट्!

आता तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला आरशात काय दिसलं असेल? एक मुलगी गाडीत चढलीय. आणि फलाटावर ठेवणीतले कपडे घालून, हातात डबे घेऊन अख्खं गाव दाराकडे तोंड करून कमरेत वाकलंय! दुसरा कुणी असता तर तोही हेच समजला असता, की निरोप द्यायला आलेत! आपल्याकडे कुणी बदलीला निघालं, कुणी सासरी निघालं की फलाटावर हेच करतात की नाही? आणि निरोप द्यायला आलेल्यांना ताटकळत ठेवणं म्हणजे कोण अपराध! त्यानं आम्हाला सलाम ठोकला, भोंऽऽ असा लांबलचक भोंगा दिला, दार लावलं आणि गेला. आम्ही मान वर केली तेव्हा शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा वळणावर जात होता.

फलाटावर चाळीस माणसं, चाळीस डबे. मी घाबरत घाबरत त्या रेल्वेच्या बाईंकडे बघितलं. म्हटलं, आता ही हसणार. तर तिच्या डोळ्यांत पाणी! पांढऱ्या हातमोज्यानं डोळे पुसत म्हणाली, "एका मुलीला निरोप द्यायला एवढी माणसं! लग्न होऊन चाललीय का हो?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी निशिवाकीकडे बघितलं. निशिवाकी गडबडला आणि म्हणाला, "नाही... म्हणजे... ती रोजच जाते." "रोज?" ती बाई म्हणाली. "आणि तुम्ही सगळे रोज येता?" आता इथं सरळ सांगायचं ना, की नाही हो ताई, आम्ही चढायला आलो होतो, पण एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणता म्हणता राहून गेलो! पण बोलणार कोण? आम्ही लाजेनं माना खाली घातल्या. आणि माना खाली गेल्या, त्याला ती 'हो' समजली.

झालं. पुढच्याच महिन्यात फोन आला. बाकीचे सगळे थांबे रद्द. मात्र सकाळची एक जलद गाडी आणि संध्याकाळची परतीची, या दोन तेवढ्या हागिनोसेला थांबतील. जोपर्यंत ती मुलगी जातेय-येतेय तोपर्यंत! आणि वर तो साहेब फोनवर म्हणतो कसा, "हिराइवासान, तुमच्या गावची ती निरोपाची प्रथा फार सुंदर आहे. ती अशीच चालू ठेवा." प्रथा! कसली प्रथा? मी आपला फोन कानाला लावून भिंतीसमोर वाकतोय, "हो, हो, ठेवू, ठेवू!"

आणि लागलं ना गाव कामाला! पाळ्या लावल्या. आज वरची आळी, उद्या खालची आळी. रोज सकाळी दहा-बारा जणांनी यायचं, चिनात्सु गाडीत चढली की वाकायचं, ड्रायव्हरनं भोंगा द्यायचा. पाऊस असो, बर्फ असो. मग ते गाड्यांचे फोटो काढत फिरणारे खुळे असतात ना, त्यांना वास लागला. ते तिपाया घेऊन फलाटाच्या टोकाला रांगेत उभे! आणि माझ्या पोरीचे तर असे हाल, विचारू नका! एकदा ती गाडीत शिरताना शिंकली. एकदाच हो! संध्याकाळपर्यंत दारात आल्याचं पाणी, मध, तीन प्रकारची औषधं आणि बाईंनी विणलेला गळपट्टा. निशिवाकी म्हणाला, "चिनात्सु, पोरी, जप बाई, तू पडलीस तर गाव पडलं!" सुट्टी घ्यायची सोय नाही. दुकान बंद असेल त्या दिवशीसुद्धा ती आपली डगला घालून गाडीत बसायची, शहरात जायची, बाकावर बसून भाताचा गोळा खायची आणि परत यायची. मी मात्र खूश! का नसावं? गाडी थांबतेय, पोरगी घरात आहे, संध्याकाळी समोर बसून कुरूमकुरूम लोणचं चावतेय. मला दुसरं काय हवं होतं?

एकदा अशीच जेवायला बसली होती. लोणच्याला हात लावेना. म्हटलं, "काय झालं? पुन्हा शिंकलीस काय?" तर म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी धावत आले ती थांबा वाचवायला नाही आले. मला खरंच उशीर झाला होता." मी म्हटलं, "माहितीय." ती म्हणाली, "माझ्या मनात होतं, की थांबा रद्द व्हावा." मी म्हटलं, "काय?" "थांबा रद्द झाला असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं." "काय सांगायला?" ती आमटीत बघायला लागली. हुबेहूब माझ्यासारखी! "की मला शहरातच राहायचंय. दोन वर्षं झाली, बाबा. तुम्ही एकटे पडाल म्हणून गप्प बसले. म्हटलं, गाडीनंच थांबायचं सोडलं तर तुम्ही गाडीला शिव्या घालाल, मला नाही."

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडात तोफूचा तुकडा होता आणि तो घशाखाली उतरेना. तोफू! कुणाच्या घशात तोफू अडकल्याचं ऐकलंय कधी? जगात पहिलाच मी, आणि तोही तोफूवाला! राग आला म्हणता? राग कसला. वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की उठून उगाच सोयाबीनचं पाणी बदलून आलो. मी मनात म्हणत होतो, 'नको जाऊस,' ती दोन वर्षं मनात म्हणत होती, 'जाऊ द्या,' आणि तोंडानं दोघं म्हणत होतो, 'लोणचं वाढ.' परत येऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा हे असलं काहीतरी बोललो. म्हटलं, "चिनात्सु, तू गेलीस तर मला करमणार नाही. अजिबात करमणार नाही. पण तू जा." ती रडायला लागली. मग मीही थोडा... ते जाऊ द्या. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "पण बाबा, गाडीचं काय?"

गाडी! गाडी कुणाच्या लक्षात होती! रेल्वेला फोन केला. चाचरत विचारलं, की समजा, ती मुलगी नसली तर? तो साहेब म्हणाला, "रोज जाऊन-येऊन करणारा एक प्रवासी हवा, हिराइवासान. कोण ते आम्ही बघत नाही. आणि निरोप मात्र हवाच हं, त्याचं पोस्टर छापायला गेलंय."

पुन्हा बैठक. पुन्हा चहा, पुन्हा चकत्या, पुन्हा चर्चा म्हणजे शुकशुकाट. मी सगळं सांगितलं. पोरगी जाणार हेही सांगितलं, लपवलं नाही. कुणी तिला नावं ठेवली नाहीत हो. बाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला. खरं तर मीच जायला हवं होतं तिच्या वयात." आणि डोळे मिटून बसल्या. सत्तर वर्षं ज्यांनी गावाला धाकात ठेवलं त्यांना कुठं जायचं होतं कुणास ठाऊक, आणि त्यांना विचारणार तरी कोण? मग प्रश्न आला, की रोज गाडीत बसायचं कुणी? निशिवाकी म्हणाला, "मला दुकान आहे." दुसरा म्हणाला, "मला शेत आहे." मी म्हटलं, "मलाही दुकान आहे!" सगळे माझ्याकडे वळले आणि हळूच, अगदी आदरानं, कमरेत वाकले. म्हणजे 'आधी तुम्ही'! त्या दिवशी गाडी समोर उभी असताना एकही जण माझं ऐकायला तयार नव्हता, आणि आता बघा कसे पटकन वाकले!

तर आता माझं हे असं चाललंय. पहाटे उठतो, तोफू करतो, वड्या पाण्यात सोडून शेजारी पैशांचा डबा ठेवतो, लोक येऊन घेऊन जातात. डगला चढवतो, स्टेशनावर येतो. गाडी येते. मी बटण दाबतो, चढतो, वरची आळी वाकते, तिपाया कचाकच फोटो काढतात, ड्रायव्हर सलाम ठोकतो, भोंऽऽ! शहरात उतरलो की चिनात्सु दुकान उघडायच्या आधी कॉफी घेऊन बाकावर येते. "बाबा, गळपट्टा कुठाय?" म्हणते. गप्पा होतात हो आमच्या. घरी होती तेव्हा वर्षाकाठी झाल्या नसतील एवढ्या होतात. मग ती जाते कामावर आणि मी दिवसभर शहरात भटकत बसतो, कारण परत यायचं ते संध्याकाळच्या जलद गाडीनंच, तीही थांबायला हवी ना!

बघा म्हणजे! पोरगी घरात राहावी म्हणून गाडी थांबवायला निघालो होतो... पोरगी गेली, गाडी मात्र थांबते, आणि ती थांबावी म्हणून आता मीच घरात नसतो!